माणसाचं वाचलंस, आता होडीचं वाच

खोली बघायला गेलो तेव्हा मावशीने मला तीनच प्रश्न विचारले. इंग्रजी टाइप करता येतं का? लष्करातलं कुणी ओळखीचं आहे का? होड्यांतलं काही कळतं का? पहिल्याला मी छातीठोक हो म्हटलं, कारण दिंडोशीच्या कोर्टाबाहेर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करूनच मी पोट भरत होतो. दुसऱ्याला नाही म्हटलं. तिसऱ्याला, खोली हातची जाऊ नये म्हणून, "थोडंफार" म्हटलं.

"थोडंफार म्हंजे?"

"म्हणजे... होडी पाण्यावर चालते."

तिने मला पापलेट निरखावं तसं शेपटीपासून डोक्यापर्यंत निरखलं. "चालंल. ज्याला कलत नाय तो मधी मधी बोलत नाय. सामान घेऊन ये."

खातोस काय, पितोस काय, लग्न झालंय का, यातलं अवाक्षर नाही. मला वाटलं, काय मोठ्या मनाची बाई! महिन्याभरात कळलं की तिने भाडेकरू ठेवला नव्हता, भरती केली होती.

मावशी म्हणजे आमची वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली घरमालकीण. सत्तरीची, बांधा वल्ह्यासारखा सरळ, नाकात मोठी नथ आणि आवाज असा की तिने इकडे "म्हावरं घ्याऽ" म्हटलं की खाडीपलीकडे मढला लोक पिशव्या घेऊन बाहेर येत. ही अतिशयोक्ती नाही. एक माणूस तर फेरीबोटीत बसून इकडे आला होता. घर तिचं तीन मजली, पण प्रत्येक मजल्यावर एकच खोली, आणि माझी अशी की झोपेत कूस बदलली तर खिडकी उघडायची. तिची कोळी बोली मला जशीच्या तशी लिहिता येणार नाही. कानात जेवढी उरली आहे तेवढी देतो.

तिचं आयुष्यात एकच काम होतं. मासळी विकणं हा जोडधंदा. खरं काम, तिच्या आजाला शोधणं. बापाचा बाप. दुसऱ्या महायुद्धात तो लष्करात नावाडी म्हणून गेला. पूर्वेच्या सरहद्दीवर, डोंगरात, नदीकाठी एक ठाणं होतं. तिथे सैन्याला होडीतून पार करायचं त्याचं काम. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, कारण मला ते अजून उच्चारता येत नाही. मावशी मात्र ते असं घ्यायची की जणू अंधेरीच्या पुढचं स्टेशन.

तिथून आजाचं एक कार्ड आलं होतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मावशीला ते तोंडपाठ. "इथे पाणी गोड आहे. भरती नाही, ओहोटी नाही. डोंगर जवळ, म्हणून सूर्य उशिरा येतो. होडी बरी आहे." बस. बायको कशी आहे, पोर कसं आहे, काही नाही. होडी बरी आहे.

आता हे कार्ड कोळीवाड्यात वाचलं गेलं तेव्हा काय झालं असेल, विचार करा. ज्यांचं उठणं-बसणं भरती-ओहोटीवर, अशा दोन-अडीचशे माणसांसमोर कुणीतरी वाचतंय की पाणी आहे, पण भरती नाही. लोक म्हणाले, भरती नाही असलं पाणी जगात एकच, विहिरीतलं. विहिरीवर होडी कोण ठेवतं? म्हणजे हा खोटं बोलतोय. म्हणजे हा ठाण्यावर नाहीच! आणि पुढच्याच महिन्यात पोलीस चौकशीला आला, तुमचा माणूस गैरहजर आहे, घरी आलाय का? झालं. शिक्का बसला, पळपुटा. वर्षभराने तो मेल्याचा कागद आला, त्यात कारण नव्हतं. गावाने कारण दिलं, पळताना मेला.

पळपुट्याच्या घराण्याकडे सुकाणू द्यायचं नाही, असं तेव्हाच्या पंचांनी ठरवलं. मावशीचा बाप उभ्या जन्मात तांडेल झाला नाही. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. दर्यातलं वारं-पाणी त्याला इतरांच्या दुप्पट कळायचं, असं सगळे म्हणायचे, आणि म्हणून झालं की त्याला नाळीवर बसवायचे. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. तिथे बसून रस्सी ओढायची आणि आत येणारी प्रत्येक लाट पहिल्यांदा तोंडावर घ्यायची. चाळीस वर्षं तो तिथेच बसला.

आता मावशीच्या मुलाची नवी होडी बांधून होत आली होती. नारळी पौर्णिमेनंतर ती पाण्यात जायची होती. मावशीने जाहीर केलं, होडीला आजाचं नाव. आणि जमातीच्या पाटलाने, म्हणजे कोळीवाड्यातल्या सर्वांत वडील माणसाने, निरोप धाडला, "ते नाव घातलंस तर नारळ फोडायला मी येनार नाय, नि कोन येनार नाय." नारळाविना होडी पाण्यात घालायची हिंमत तिथे आजवर कुणी केलेली नव्हती. हा पाटील म्हणजे नव्वदीला टेकलेला म्हातारा. पोलीस आला तेव्हा हा पोर होता, आणि पुढे ज्या होडीच्या नाळीवर मावशीचा बाप बसला, तिचा तांडेल हाच.

मावशीला शोधाचं वेड मात्र होडीच्या कितीतरी आधीपासूनचं. माझ्याआधी तिने वीस वर्षांत नऊ भाडेकरू ठेवले होते, सगळे कामाचे. एक पोस्टातला. एक डोंगर चढणारा, त्याच्याकडून तिने नकाशा वाचायला शिकून घेतलं. एक इतिहासाचा विद्यार्थी, तो पुढे दिल्लीला गेला. पण मावशीचा भाडेकरू कधी माजी होत नसे. खोली सोडली तरी चाकरी सुटत नसे. दर रविवारी ती प्रत्येकाला फोन करायची आणि "कसा हायस" न म्हणता थेट विचारायची, "काय मिललं?"

सरकारी पत्र आलं की तिचा विधी असे. पाकीट फोडायचं नाही. आधी वास घ्यायचा. मग कोपरा अंगठ्याने दाबायचा आणि सोडायचा. मासा ताजा असला की दाबलेलं मांस परत वर येतं, तसा कागद वर येतो का बघायचं. मग म्हणायची, "शिला हाय. आत नकार हाय." आणि आत नकारच असायचा. मी सतरा पत्रं मोजली, सतराच्या सतरा वेळा तिने बरोबर सांगितलं. मी एकदा म्हटलं, "मावशी, सरकारी पत्रात नकारच असतो, यात वास कसला?" तर म्हणाली, "मग तू वास न घेता सांगून दाखव." 

हे सगळे नकार ती गच्चीत वाळत घालायची. कपाटात ठेवलं तर दर्याच्या दमट हवेने कागद कुजतो, म्हणून बोंबील वाळवायच्या बांबूवर, बोंबलांच्या रांगेतच, चिमटे लावून. चार बोंबील, एक नकार, चार बोंबील, एक नकार. वाऱ्यावर सगळे एकदम फडफडायचे. मी त्यांची फाइल करून पहिल्यांदा पुण्याकडच्या एका लष्करी कचेरीत गेलो तेव्हा खिडकीतल्या बाबूने वर न बघता विचारलं, "वर्सोवा का?"

होडीचं ठरल्यावर मावशी म्हणाली, आता आपणच जायचं. आम्ही त्याच कचेरीत गेलो. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, "अपॉइंटमेंट आहे?"

"कसली?"

"भेटीची वेळ घेतलीय का, आजी?"

"माझा आजा तुमच्यात आला तो अजून परत आला नाय," मावशी म्हणाली. "तो वेल घेऊन आला व्हता का? नाय ना? मग मी कनाला घेऊ?"

शिपायाने आयुष्यात तोफा ऐकल्या असतील, पण हे नाही. त्याने आत फोन केला. आत एक निवृत्तीला आलेले सुभेदार होते, साताऱ्याकडचे. त्यांनी मावशीला खुर्ची दिली, चहा दिला आणि हात जोडून म्हणाले, "बाई, ऐंशी वर्षांचे कागद आहेत. पाण्याने गेले, वाळवीने गेले. मी शोधतो, पण शब्द देत नाही."

"शब्द नको. शोधा. मी बसते."

सकाळी दहाला बसली ती साडेचारपर्यंत. हलली नाही. मध्ये दोन कारकून येऊन गेले, त्यांना तिने सुरमई ताजी कशी ओळखायची ते शिकवलं. साडेचारला सुभेदार धुळीने पांढरे होऊन बाहेर आले. हातात एक पान. आजाच्या नोकरीचं पान.

व्हरांड्यातल्या बाकावर बसून ते वाचायचं काम माझं. इंग्रजीत होतं. मी आधी मनात वाचलं. अमुक तारखेपासून गैरहजर. अकरा दिवसांनी हजर. रजा नव्हती. शिक्षा, चौदा दिवस जादा काम. आणि खाली, वर्षभराने, त्याच ठाण्यावर तापाने मृत्यू.

म्हणजे पोलीस खरंच बोलला होता. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आयुष्यभर प्रतिज्ञापत्रं टाइप करणारा माणूस, खरं-खोटं हा माझा रोजचा बाजार. मी घसा साफ केला आणि सुरू केलं, "मावशी, इथे लिहिलंय की तुमच्या आजाने भर पुरात तीनशे सैनिकांना एकट्याने पार नेलं, आणि मोठ्या साहेबाने स्वतः घोड्यावरून उतरून..."

"डोले बघ तुझे," मावशी म्हणाली.

"काय?"

"बर्फातलं म्हावरं हाय तू आज. डोले आत गेलेत." ती अजिबात चिडली नव्हती. "खरं वाच. मना माझा आजा पायजे. तुझा नको."

मी खरं वाचलं. एकेक शब्द.  ती अंगणातल्या झाडाकडे बघू लागली. मला वाटलं, आता रडेल. मी रुमालसुद्धा काढला.

"माणसाचं वाचलंस," ती म्हणाली. "आता होडीचं वाच."

"कुठली होडी?"

"त्याची. नावाडी व्हता ना? मग होडी असंल. ती कुठं व्हती त्या अकरा दिवसांत?"

मी सुभेदारांकडे बघितलं, सुभेदार माझ्याकडे. ऐंशी वर्षं अख्खं गाव माणसाबद्दल बोलत होतं, सगळे भाडेकरू माणूस शोधत होते. होडी शोधावी असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. सुभेदार हळूच म्हणाले, "बाई बरोबर बोलतात. फौजेत माणूस हरवला तर एक ओळ लिहितात. सामान हरवलं तर पानंच्या पानं." आणि मग त्यांनी सांगितलं की ठाण्यांच्या रोजनिश्या असायच्या, रोज काय घडलं, काय आलं, काय गेलं. त्या दिल्लीत, जुन्या कागदांच्या सरकारी भांडारात.

मावशीने तिथूनच दिल्लीतल्या त्या इतिहासवाल्या भाडेकरूला फोन लावला. तो आता कॉलेजात शिकवतो, पोरं त्याला चळाचळा कापतात. मावशीने त्याला सांगितलं, "उद्यापासून होडी शोध," आणि फोन ठेवला.

नारळी पौर्णिमा आली आणि गेली. कोळीवाड्यातल्या होड्या एकेक करून दर्यात गेल्या. मावशीच्या मुलाची होडी तेवढी किनाऱ्यावर उभी, रंगवलेली, पाठीवर नावाची जागा कोरी. मुलगा घायकुतीला आला. "आये, दुसरं कंचं पन नाव टाक ना! देवीचं टाक! सीझन चाललाय माझा!" मावशी म्हणायची, "देवीला नाव कमी हायत का?" आणि टोपली उचलून बाजारात जायची. मी तेव्हा तिच्याकडे बघून मनात म्हणायचो, ही बाई वेडी तरी आहे, नाहीतर आपण सगळे.

पौर्णिमेनंतर बाराव्या दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर दिल्लीहून फोटो आले. रोजनिशीची चार पानं, फिकट शाई. मी मावशीच्या ओट्यावर बसून बोटांनी अक्षरं मोठी करत वाचू लागलो. आजा ज्या दिवसापासून गैरहजर होता, त्या दिवशी लिहिलं होतं: 'नदीला पूर. दोर तुटून दोन नंबरची होडी वाहून गेली. एक नावाडी गैरहजर.' एकाच दमात, खाली-वर. लिहिणाऱ्याला त्यात काही दिसलं नव्हतं. मग सातव्या दिवशी: 'खालच्या ठाण्याचा निरोप. काठाने एक माणूस होडी ओढत जाताना दिसला. हाक मारली, थांबला नाही.' आणि अकराव्या दिवशी: 'दोन नंबरची होडी परत. डावी फळी फुटलेली, दुरुस्त केली.' होडी कुणी आणली, ते नाही. होडी जणू स्वतःच चालत आली. पण नोकरीच्या पानावर आजा हजर झाल्याची तारीख तीच.

मी आयुष्यभर गोष्टी फुगवून सांगत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा असं काही वाचलं की फुगवायला जागाच नव्हती. पुरात होडीमागे उडी टाकलेला एक माणूस. डोंगरातली नदी, ना ओळखीचा काठ, ना भाषा. आणि प्रवाहाच्या उलट, एकटा, खांद्यावर दोर घेऊन, दिवसच्या दिवस. मी मावशीचे पायच धरले.

"सोड," ती म्हणाली. "उद्या जमात बसव. तू वाचायचं. एक शब्द वाढवलास तर खोली खाली कर. आनि वाचून झाल्यावर गप बसायचं. मी पन गप बसनार."

"मग समजावणार कोण?"

"पाटील."

दुसऱ्या दिवशी देवळासमोरच्या मांडवात जमात बसली. पाटील मधोमध, डोक्यावर लाल टोपी, हातात काठी. मी दोन्ही कागद वाचले. आधी माणसाचा, मग होडीचा. तारखा एकीला एक लावून दाखवल्या. आवाज सपाट ठेवला, जीव गेला पण ठेवला. 'हाक मारली, थांबला नाही' इथे आलो तशी मागून एकजण ओरडला, "बगा! थांबला नाय! हाक मारली तरी पलतच व्हता!"

मांडवात हशा पिकला. मावशी जागची हलली नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. वजन असं की गुडघा अजून पावसाळ्यात दुखतो.

तेवढ्यात पाटलाची काठी आपटली.

"ए शान्या," म्हातारा म्हणाला, "कंदी होडी वढलीस का पान्याच्या उलटी? पूर आलेला असताना? एकट्यानं?"

"नाय, पन..."

"थांबला तर होडी मागं जाते. दोन पावलं वढलेली चार पावलं जाते. वढनारा बापानं हाक मारली तरी थांबत नाय. कोन थांबंल?" आणि मग त्याचा आवाज एकाएकी खाली गेला, जणू तो स्वतःलाच सांगत होता. "होडी घेऊन आला तो. माघारी घेऊन आला. मग पलाला कवा?"

 पन्नास-साठ कोळी, सगळे रस्सीने हात सोलून घेतलेले. त्यांना आता कुणी काही समजवायची गरजच नव्हती. एकेकजण आपल्या तळहातांकडे बघत होता.

मग मावशी उभी राहिली. "पाटील," ती म्हणाली, "माझ्या बापाला तुमी चालीस वर्सं नाळीवर बसवलात."

पाटलाने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्याला आता कोन सांगनार?"

जमात तशीच उठली. 

दोन दिवसांनी होडी पाण्यात घातली. पाठीवर आजाचं नाव, तांबड्या रंगात. पाटील आला, त्यानेच नारळ फोडला. सुकाणूवर मावशीचा मुलगा. सगळ्यांना वाटलं, पाटील आता वडीलधारा म्हणून त्याच्या शेजारी बसेल. म्हातारा काठी किनाऱ्यावर टाकून दोघांच्या आधाराने होडीत चढला, आणि टोपी सावरत, हळूहळू, थेट नाळीवर जाऊन बसला. रस्सी दोन्ही हातांत घेतली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. कुणी त्याला अडवलंही नाही.

होडी खाडीच्या तोंडाशी गेली आणि पहिली लाट आली ती थेट त्याच्या अंगावर. किनाऱ्यावरचे सगळे होडीच्या पाठीवरचं नाव बघत होते, बायका टाळ्या वाजवत होत्या, पोरं फोटो काढत होती. मी मावशीला म्हटलं, "मावशी, नाव कसलं झकास दिसतंय, बघा तरी!"

ती नावाकडे बघतच नव्हती. तिची नजर नाळीवरच्या त्या भिजलेल्या म्हाताऱ्यावर होती. दुसरी लाट आली. त्याने तोंड फिरवलं नाही.

"वल्ला झाला," मावशी हळूच म्हणाली. मग पदराने डोळे पुसले आणि मुलाच्या नावाने अशी काही हाक घातली की मढच्या किनाऱ्यावरची माणसं वळून बघू लागली, "अरे, होडी वलव! आन त्याला परत! थंडी लागंल बिचाऱ्याला!"